खेळ आणि चित्रपटांच्या संगणकासाठी हेडफोन व स्पीकर कसे निवडावेत

संगणकासाठी हेडफोन किंवा स्पीकर घ्यायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी खोक्यावरच्या आकड्यांकडे जाते: किती वॅट, किती मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), ५.१ की ७.१ (म्हणजे आवाजाच्या पाच की सात स्वतंत्र वाहिन्या, आणि वर एक निव्वळ खर्जाची). हे आकडे अगदीच निरुपयोगी नाहीत, पण निवडीची सुरुवात त्यांच्यापासून केली तर ती हमखास भरकटते. मी कोणतेही साहित्य पारखताना दोन प्रश्न समोर ठेवतो. पहिला खेळाचा: डोळे मिटून ऐकले, तर पावले कोणत्या बाजूने आणि साधारण किती लांबून येत आहेत हे सांगता येते का? दुसरा चित्रपटाचा: हळू बोललेले वाक्य नीट कळेल एवढी पातळी ठेवल्यावर पुढच्या दृश्यातला स्फोट सहन होतो का, की दर पाच मिनिटांनी आवाज कमी-जास्त करावा लागतो? पुढचे सगळे विवेचन या दोन प्रश्नांना धरूनच आहे.

या दोन कामांसाठी लागणारे गुण पूर्णपणे सारखे नाहीत. दिशा ओळखण्यासाठी हेडफोन सरस ठरतात, कारण त्यांत खोलीच्या भिंतींचे प्रतिध्वनी मिसळत नाहीत. चित्रपटासाठी मात्र समोरून येणारा, अंगावर जाणवणारा आवाज हवा असतो आणि तो चांगले स्पीकरच देतात. एकाच गोष्टीची ऐपत असेल आणि घरात रात्री कोणी झोपलेले असेल किंवा खोली दुसऱ्या कोणाबरोबर वापरायची असेल, तर निःसंकोचपणे हेडफोन घ्यावेत. खोली स्वतंत्र असेल आणि चित्रपट दोघातिघांनी मिळून पाहायचे असतील, तर स्पीकर आधी घ्यावेत.

दिशा कशी कळते, आणि ७.१ म्हणजे नेमके काय

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, तरीही मेंदूला तो पुरतो. शिवाय उंच पट्टीचे आवाज डोक्याने अडवले जातात, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते मंद ऐकू येतात. पुढे-मागे आणि वर-खाली हा भेद मात्र मुख्यतः बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे कळतो, कारण प्रत्येक दिशेने येणाऱ्या आवाजाचा पोत त्या घड्या थोडा थोडा बदलून आत पाठवतात. हेडफोनमध्ये ड्रायव्हर कानाला लागूनच असल्यामुळे ही शेवटची खूण नाहीशी होते आणि ती सॉफ्टवेअरला गणिताने पुन्हा तयार करावी लागते. या गणिताला एचआरटीएफ म्हणतात.

म्हणूनच ७.१ असे छापलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो आणि बाकीचे सारे काम सॉफ्टवेअर करते. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण दोन कानांना दोन वाहिन्या पुरतात. अडचण निराळीच असते. मी पूर्वी असा एक हेडसेट मोठ्या उत्साहाने घेतला आणि आठवडाभर त्याच्यावर खेळलो, पण जिन्यावरून कोणी उतरत असले की पावले समोर आहेत की पाठीमागे हे मला काही केल्या कळत नव्हते, आणि प्रत्येक आवाज न्हाणीघरात घुमल्यासारखा येत होता. शेवटी हेडसेटवरचे ७.१ चे बटण बंद केले आणि त्याच जिन्यावरची पावले लख्ख कळू लागली. कारण साधे होते. खेळ स्वतः एचआरटीएफ लावून आवाज पाठवत होता आणि हेडसेट त्याच्यावर तीच प्रक्रिया दुसऱ्यांदा करत होता.

यातून एकच नियम निघतो आणि तो कटाक्षाने पाळावा: अशी प्रक्रिया एका वेळी एकाच ठिकाणी चालू असावी. व्हॅलोरंटसारख्या ज्या खेळांत एचआरटीएफचा पर्याय आहे, तिथे तो चालू ठेवून विंडोजमधील स्पेशियल साउंड (आवाजाला दिशा देणारी सोय) आणि हेडसेटचे सॉफ्टवेअर दोन्ही बंद करावीत. खेळात अशी सोय नसेल आणि तो ५.१ किंवा ७.१ आवाज देत असेल, तर विंडोज सॉनिक, डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स किंवा डीटीएस हेडफोन:एक्स यांपैकी एक चालू करून पाहावे. विंडोज सॉनिक विंडोजबरोबर फुकट मिळते, म्हणून प्रयोगाची सुरुवात तिथूनच करावी. प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असल्यामुळे एकाला जे गणित जुळते ते दुसऱ्याला जुळेलच असे नाही, आणि एखाद्याला साधा स्टिरिओच अधिक स्पष्ट वाटला तर त्यात काहीही चूक नाही.

हेडफोन

पहिला निर्णय उघड्या पाठीच्या आणि बंद पाठीच्या हेडफोनमधला. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हरच्या मागे जाळी असते, हवा मोकळी ये-जा करते आणि आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो. दिशा आणि अंतर ओळखण्यासाठी हा मोकळेपणा फार उपयोगी पडतो. पण त्यातला आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जातो आणि बाहेरचा पंखा, रस्ता, संगणकाच्या कॅबिनेटची घरघर हे सगळे आपल्याला ऐकू येते. बंद पाठीचे हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतात आणि त्यांचा खर्ज सहसा अधिक भरीव असतो, मात्र दोन-तीन तासांनी कान तापतात. खोली शांत असेल तर मी डोळे झाकून उघड्या पाठीचे सुचवतो, आणि घर गजबजलेले असेल तर तेवढ्याच ठामपणे बंद पाठीचे.

आरामाला लोक दुय्यम मानतात, पण ती मोठी चूक आहे. चित्रपट अडीच तासांचा असतो आणि खेळ त्याहूनही लांबतो. सुमारे २५० ग्रॅमचा हेडफोन डोक्यावर विसरून जाता येतो, पण ४०० ग्रॅमचा तासाभरात टाळूवर जाणवू लागतो. गादीच्या आत कान पूर्ण मावला पाहिजे आणि त्याचे टोक आतल्या कापडाला टेकता कामा नये. चष्मा वापरणाऱ्यांनी तर चष्म्यासकटच घालून पाहावे. चष्म्याची काडी गादीखाली बारीकशी फट पाडते, त्या फटीतून हवा निसटते आणि बंद पाठीच्या हेडफोनचा खर्ज लक्षणीय उतरतो. मखमली कापडाच्या मऊ गाद्या काडीभोवती बऱ्यापैकी बसतात आणि घामही कमी आणतात, तर कृत्रिम चामड्याच्या गाद्या कानाभोवती फट न ठेवता बसतात पण काही काळाने त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का, आणि वायर काढून बदलता येते का, हे घेण्याआधीच पाहून ठेवावे. हेडफोन निकामी होतात ते बहुतेक वेळा याच दोन जागी.

इम्पिडन्सचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा ओहममध्ये दिलेला असतो आणि तो मात्र खरोखर वाचण्यासारखा असतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळत आला आहे, तर सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. ओहम जास्त म्हणजे दर्जा जास्त असा एक समज आहे, तो बरोबर नाही. जास्त ओहमच्या हेडफोनला तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी साधारणपणे अधिक व्होल्टेज लागते, आणि संगणकाच्या मदरबोर्डवरचे सर्किट ते देईलच असे नाही. वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा आणि चांगल्या संवेदनशीलतेचा (थोड्या शक्तीतही मोठा वाजणारा) हेडफोन निवडावा. समोरच्या जॅकमधून आवाज ऐकताना माउस हलवला की चरचर किंवा बारीक शीळ येत असेल, तर दोष हेडफोनचा नसून कॅबिनेटमधल्या विद्युत गोंगाटाचा असतो. अशा वेळी महागडा हेडफोन घेण्याऐवजी साधा बाह्य यूएसबी डॅक (संगणकातल्या डिजिटल आवाजाचे हेडफोनसाठी रूपांतर करणारे छोटे उपकरण) घेतला की प्रश्न बहुधा मिटतो.

याउलट ‘५ हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ’ अशा आकड्यांनी भुलून जाऊ नये. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येत जाते. त्या पल्ल्यात किती डेसिबलचा चढउतार आहे हे सांगितलेले नसेल, तर नुसत्या दोन टोकांवरून काहीच कळत नाही. खेळासाठीचे म्हणून विकले जाणारे काही हेडसेट खर्ज भरमसाठ वाढवून ठेवतात. पहिल्या दहा मिनिटांत ते जबरदस्त वाटतात, पण स्फोटांचा आणि इंजिनांचा तो घनगंभीर घुमारा पावलांचा, बंदुकीत गोळ्या भरल्याचा, दार उघडल्याचा बारीक आवाज झाकून टाकतो. संगीतात तबल्याचा डग्गा गरजेपेक्षा पुढे आला की गायकाचे शब्द जसे बुडतात, तसेच हे होते. हातात असलेला हेडफोन असा असेल तर तो लगेच टाकून देण्याची गरज नाही. इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालते, त्यात १५० हर्ट्झखालचा भाग ४ ते ५ डेसिबलने उतरवून पाहावा.

बिनतारी साहित्यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो. चित्रपट दाखवणारे बरेचसे प्लेअर चित्र तेवढेच मागे ठेवून हा उशीर झाकतात, पण खेळात ते शक्य नसते, कारण आपण कळ केव्हा दाबणार हे संगणकाला आधी माहीत नसते. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर एक चौकट सुमारे १७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे २०० मिलिसेकंदांत जवळजवळ १२ चौकटी निघून जातात. शिवाय ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की नेहमीच्या जोडणीत आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा एकसुरी आणि चपटा होतो. म्हणून खेळासाठी बिनतारी घ्यायचाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र डोंगल असलेला घ्यावा. त्याचा उशीर व्यवहारात जाणवत नाही. तार असलेला घेतला तर हा प्रश्नच उरत नाही आणि बॅटरीचीही काळजी राहत नाही.

माइकबद्दल एवढेच की तोंडाजवळ येणाऱ्या दांडीवरचा माइक नेहमी बरा. हेडसेटवर ३.५ मिलिमीटरची चार कड्यांची एकच पिन असेल आणि संगणकाला हेडफोन व माइकचे जॅक वेगवेगळे असतील, तर जोडणीसाठी छोटा स्प्लिटर लागतो.

स्पीकर

स्पीकरच्या बाबतीत माझा आग्रह असा आहे की सहा सुमार स्पीकरांपेक्षा दोन चांगले स्पीकर घ्यावेत. खेळासाठी आणि चित्रपटासाठी टेबलाशी बसणाऱ्या एका माणसाला आतच ॲम्प्लिफायर असलेली, तीन ते पाच इंची वूफरची (खालचे आवाज काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरची) जोडी पुरेशी होते. इथेही वॅटचे आकडे जपून वाचावेत. पीएमपीओ म्हणून छापलेल्या हजारो वॅटना अर्थ नसतो, आरएमएस किंवा सलग मिळणारी शक्ती पाहावी. ती दुप्पट झाली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. हाताच्या अंतरावर बसून ऐकणाऱ्याला दहा-वीस खऱ्या वॅटचीही सहसा गरज पडत नाही.

यापुढे जे सांगतो त्याला काहीच खर्च नाही, आणि फरक मात्र नवा स्पीकर आणल्याइतका पडतो. दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून आपल्या डोक्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवावे, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. दोन्हींचे तोंड आपल्याकडे वळवावे. टेबलावर नुसते ठेवलेल्या लहान स्पीकरचा ट्विटर (उंच पट्टीचे आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर) बहुधा आपल्या छातीकडे रोखलेला असतो. स्पीकरखाली तिरकी पाचर किंवा छोटी तिवई देऊन तो कानांच्या रेषेत आणावा. मग एक आरसा टेबलावर सपाट ठेवून बसल्या जागेवरून पाहावे. आरशात ट्विटर दिसला तर तिथूनच टेबलावर आपटलेला आवाज थेट आवाजात मिसळून आपल्या कानापर्यंत येतो आहे, आणि संवाद गढूळ होण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेला सरकवले किंवा थोडे उचलले की हे कमी होते. मागच्या भिंतीला चिकटवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो. वीतभर पुढे ओढून तेच दृश्य पुन्हा लावले, तर पुरुषी आवाजातला घोगरेपणा ओसरलेला लगेच कळतो.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, चित्रपटाला खरोखर वजन आणतो, कारण लहान स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली थकतात. सुमारे ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून सबवूफर जरा बाजूला ठेवला तरी चालते. पण स्वस्त २.१ संचात मुख्य स्पीकर फारच लहान असतात आणि सबवूफरला १५० हर्ट्झच्या वरचेही काम करावे लागते. मग पात्राच्या आवाजाचा अर्धा भाग पडद्यातून आणि अर्धा टेबलाखालून येतो. घेण्यापूर्वी बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचा आवाज लावून हे ऐकून पाहावे. जागा ठरवण्याची युक्ती जुनी आणि खात्रीची आहे: सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, संथ खर्जाचे संगीत लावावे, आणि खोलीत भिंतीकडेने वाकून चालत जावे. जिथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर कायमचा ठेवावा. आमच्याकडे सारा घुमारा सबवूफरचा आहे असे वाटत होते, आणि तो निघाला टेबलावरच्या पेनांच्या डब्याचा.

५.१ घ्यायचेच असेल तर खोलीत त्याला जागा आहे का हे आधी मोजावे. पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे हवेत. पाठ भिंतीला टेकून बसणाऱ्याला ते साधत नाही. जोडणीतही एक खाच आहे. ऑप्टिकल तारेतून दाबविरहित (अनकम्प्रेस्ड) आवाज फक्त दोन वाहिन्यांचा जातो. चित्रपटातला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस प्रवाह त्यातून जसाच्या तसा पाठवता येतो, पण खेळाचा ५.१ आवाज त्या क्षणी तयार होत असल्यामुळे साउंडकार्डात तो तिथल्या तिथे दाबून पाठवणारी डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट ही सोय नसेल तर तो स्टिरिओच होऊन बाहेर पडतो. एचडीएमआयमधून आठ वाहिन्या दाबविरहित जातात, म्हणून रिसीव्हर (स्पीकर जोडायचा वेगळा ॲम्प्लिफायर) वापरणाऱ्यांनी तोच मार्ग धरावा.

संवाद ऐकू न येण्याच्या तक्रारीत पुष्कळदा स्पीकर निर्दोष असतात. चित्रपटाच्या ५.१ मिश्रणात संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात. विंडोजच्या स्पीकर सेटअपमध्ये चुकून ५.१ निवडलेले असेल आणि प्रत्यक्षात दोनच स्पीकर जोडलेले असतील, तर ती मधली वाहिनी जिथे काहीच जोडलेले नाही अशा जॅककडे जाते. संगीत दणदणीत वाजते आणि माणसे दुसऱ्या खोलीतून बोलल्यासारखी वाटतात. स्टिरिओ निवडले की संगणक मधली वाहिनी दोन्ही स्पीकरांत वाटून देतो. एवढे करूनही कुजबुज आणि स्फोट यांतले अंतर फार वाटत असेल, तर व्हीएलसीमधला कॉम्प्रेसर किंवा विंडोजमधले लाउडनेस इक्वलायझेशन रात्रीपुरते लावावे. खेळताना मात्र ते बंदच हवे, कारण लांबची आणि जवळची पावले सारख्याच जोराने ऐकू येऊ लागली तर अंतराचा अंदाज साफ जातो. विंडोजमधला सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, हा दर) ४८,००० हर्ट्झवर ठेवावा, चित्रपट आणि बहुतेक खेळ याच दराने बनतात आणि त्याहून वर नेऊन काही हाती लागत नाही.

पातळीविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे प्रमाण आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असे आहे, आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला १० तास. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवत असल्यामुळे कमी पातळीवरही तपशील ऐकू येतो, आणि गजबजलेल्या घरासाठी तो सुचवण्याचे माझे खरे कारण तेच आहे. खेळ संपल्यावर कानात बारीक शीळ राहत असेल तर पातळी जास्त आहे, तिथे शंकेला जागा नाही.

दोन वस्तूंची तुलना करताना दोन्हींची पातळी कानाला सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमी अधिक चांगला भासतो. सोबत आपल्या पाठ असलेले दृश्य न्यावे, ज्यात कुजबुज, पाऊस आणि एखादा मोठा आवाज जवळजवळ असेल. घरी आणल्यावर सर्वांत आधी डावे-उजवे तपासावे. तारा उलट लागलेल्या असण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा सर्रास घडतो आणि महिनोन्महिने ध्यानात येत नाही. त्यानंतर एक पूर्ण चित्रपट आणि एक लांब खेळ, दोन्ही मध्ये न थांबता, परत करण्याची मुदत संपण्याच्या आत उरकून घ्यावे, आणि तोपर्यंत खोके व आतली वेष्टने जपून ठेवावीत.